दुखण्याचे खरे नाव

१९३९ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने ‘ब्रँडीची बाटली’ हा बोलपट काढला. लेखन आचार्य अत्रे यांचे, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचे आणि प्रमुख भूमिका दामुअण्णा मालवणकर यांची. नगरपालिकेतील एका भोळ्या कारकुनाचे ज्या मुलीवर प्रेम आहे तिचा भाऊ आजारी पडतो, त्याच्यासाठी औषध म्हणून ब्रँडी हवी असते, आणि दारूचा गंधही नसलेला हा गृहस्थ ती मिळवण्यासाठी बाहेर पडतो. त्याच्या फजितीवर महाराष्ट्र पोट धरून हसला. मात्र हा सारा विनोद एका समजुतीवर उभा होता आणि त्या समजुतीला प्रेक्षागृहातील कोणीही हरकत घेतली नसती. ब्रँडी ही दारू असली तरी ते औषध आहे, ही ती समजूत.

सर्दीपडशाला चमचाभर, बाळंतिणीला थोडी, म्हाताऱ्या माणसाला थंडीत घोटभर, अशी ही बाटली अनेक सुशील घरांच्या कपाटात औषधांच्या रांगेत उभी असे. आपल्या ख्रिस्ती घरांत तर मद्य सर्वस्वी निषिद्ध कधीच नव्हते. त्यामुळे त्या रांगेत तिला जागा करून देणे आपल्याला अधिकच सोपे गेले. शरीरासाठी आणलेली बाटली मनासाठी केव्हा उघडली जाऊ लागली, याची नोंद कोणत्याही घरात कोणी ठेवली नाही. झोप येत नाही, छातीत धडधडते, उगाच धास्ती वाटते, अशा तक्रारींवर पुढे गोळ्याही आल्या आणि त्याही त्याच कपाटात जाऊन बसल्या. चिंतेवर दारू आणि गोळी यांचा आधार घेण्याच्या या सवयीला एक इतिहास आहे. कोल्हापूर आणि महाराष्ट्र यांच्यापुरता तो येथे मांडण्याचा प्रयत्न केला आहे. हा इतिहास तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: मनाच्या दुखण्याला त्याचे खरे नाव देण्याचे आपण टाळले आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत कोणीतरी मोजली.

कोल्हापूरचा एक तरुण राजा

कोल्हापूरच्या इतिहासात मनाच्या दुखण्याची सर्वांत करुण कथा एका छत्रपतींचीच आहे. राजाराम महाराज युरोपच्या प्रवासातून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांना पुत्र नव्हता. १८७१ मध्ये एक लहान मुलगा दत्तक घेण्यात आला आणि तो चौथे शिवाजी म्हणून गादीवर बसला. वयात येताना या राजाची मानसिक स्थिती बिघडल्याचे सांगण्यात येऊ लागले. सरकारने त्याला कारभारास अपात्र ठरवले आणि १८८२ मध्ये कागलचे जयसिंगराव घाटगे यांच्याकडे रीजंटपद दिले.

राजा खरोखर आजारी आहे की त्याला आजारी ठरवण्यात येत आहे, हा वाद त्या काळी महाराष्ट्रभर पेटला. राज्याचे कारभारी माधवराव बर्वे हे महाराजांच्या छळाचे कारस्थान करीत असल्याचे आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी छापले. ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती न्यायालयात बनावट ठरली. बर्वे यांनी भरलेल्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि सूट मिळून एकशे एक दिवसांनी ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, आणि दोन तरुण संपादकांचा हा पहिला कारावास आपल्या पाठ्यपुस्तकांत अजरामर झाला.

ज्याच्यासाठी हे सारे घडले तो राजा मात्र मागे पडला. त्याला अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्याच्या देखरेखीला ग्रीन नावाचा एक गोरा शिपाई होता. त्याच्याशी झालेल्या झटापटीनंतर २५ डिसेंबर १८८३ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, विशीतल्या या छत्रपतींचा मृत्यू झाला. पुढे मार्च १८८४ मध्ये जयसिंगरावांचे पुत्र दत्तक गेले. तेच राजर्षी शाहू महाराज.

या प्रकरणात कोण दोषी होते याचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी बाब निराळी आहे. एका पक्षाला राजाच्या अवस्थेत राज्यकारभाराची अडचण दिसली, दुसऱ्याला कारस्थान दिसले. अडचणीवर पहारेकरी नेमला गेला आणि कारस्थानावर खटला उभा राहिला. आत कोंडलेल्या मुलाला भीती वाटत असेल, झोप लागत नसेल, कोणाशी तरी बोलावेसे वाटत असेल, हा विचार दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांच्या ढिगाखाली गाडला गेला. राजाची ही गत, तर सामान्य माणसाने आपल्या मनाची घालमेल चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगावी? ‘वेड’ या एका शब्दाच्या धाकाने माणसे गप्प राहिली आणि गप्प राहणाऱ्याला मुकाट्याने घेता येईल असे औषध हवे होते.

बाटलीला मिळालेली प्रतिष्ठा

असे औषध एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाने आयते तयार ठेवले होते. त्या काळातील विलायती वैद्यकात ब्रँडीला मानाचे स्थान होते. ताप, न्यूमोनिया, अंगातली शक्ती गळणे यांवर डॉक्टर ती लिहून देत, आणि ब्रिटिश औषधिकोशात तिची अधिकृत नोंद होती. ‘टॉनिक वाइन’ नावाने विकल्या जाणाऱ्या पेयांच्या जाहिराती थकवा, निद्रानाश आणि ‘नसांची दुर्बलता’ यांवर उतारा देत. नसांची दुर्बलता हा शब्द मोठा सोयीचा होता. मन घाबरते असे म्हणण्याऐवजी नसा अशक्त झाल्या आहेत असे म्हटले की लाज वाटत नसे.

या मोहापासून थोर माणसेही अलिप्त नव्हती. फ्रान्समध्ये अँजेलो मारियानी याने १८६३ मध्ये द्राक्षारसात कोकाची पाने भिजवून ‘व्हिन मारियानी’ नावाचे पेय बाजारात आणले. कोकाच्या पानांतून कोकेन उतरते. परमगुरू तेरावे लिओ यांनी या पेयाच्या निर्मात्याला सुवर्णपदक दिले आणि त्यांचे चित्र त्याच्या जाहिरातीवर झळकले. कामगारांच्या हक्कांसाठी १८९१ मध्ये ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्र काढणाऱ्या या द्रष्ट्या परमगुरूंना दोष देण्यासाठी हा उल्लेख केलेला नाही. कोकेनचे दुष्परिणाम तेव्हा जगाला नीट उमगलेले नव्हते. पण शहाणा, सत्शील आणि संयमी मनुष्यही ‘औषध’ या शब्दापुढे किती सहज निर्धास्त होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

वैद्यकशास्त्राने पुढे आपली चूक दुरुस्त केली. १९१६ मध्ये अमेरिकेच्या औषधिकोशातून व्हिस्की आणि ब्रँडी यांची नावे काढण्यात आली. १९१७ मध्ये तेथील डॉक्टरांच्या संघटनेने मद्याचा उपचार म्हणून वापर करण्यास उत्तेजन देऊ नये असा ठराव केला. पण नंतर अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळण्याची सोय राहिली, आणि औषधिकोशातून बाहेर पडलेली बाटली चिठ्ठीच्या दाराने पुन्हा आत आली. असाच खेळ तीस वर्षांनी आपल्याकडेही व्हायचा होता.

गडकऱ्यांनी दाखवलेला पहिला पेला

त्याआधी एका मराठी नाटककाराने या विषयाच्या मुळाशी हात घातला होता. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास रंगभूमीवर आणले. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व आणि सुधाकराच्या भूमिकेत गणपतराव बोडस होते. स्वतः गडकरी जेमतेम महिनाभर आधी, २३ जानेवारीला, सावनेर येथे निवर्तले होते. आपल्या नाटकाचा प्रयोग पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

या नाटकाची आठवण सामान्यतः दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून काढली जाते आणि शेवटच्या अंकातील सर्वनाश लोकांच्या ध्यानात राहतो. खरी मर्मदृष्टी आरंभी आहे. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयात त्याचा अपमान होतो, सहा महिन्यांसाठी सनद जाते, आणि त्या मनस्तापाने तो पोळून निघालेला असताना तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो. चैन म्हणून, मौज म्हणून, मित्रांच्या आग्रहाखातर अशी पिण्याची नेहमीची कारणे येथे नाहीत. असह्य झालेल्या मनाला थोडी विश्रांती मिळावी, एवढेच कारण आहे. तळीराम येथे वैद्याचे काम करतो आहे. दुखणे खरे आहे आणि पेल्याने ते घटकाभर थांबतेही. थांबत नसते, तर दुसऱ्या पेल्याची वेळच आली नसती.

सुधाकराच्या भोवती त्याच्यावर जीव टाकणारी माणसे आहेत. सिंधूसारखी पत्नी आहे, रामलालसारखा स्नेही आहे. परंतु ती भोवती असतानाही आपल्याला काय जळते आहे हे त्याला नेमक्या शब्दांत सांगता आलेले नाही. त्याचा अभिमान आड येतो. शंभर वर्षांनंतरही आपल्या घरांतील कित्येक पुरुषांची स्थिती याहून वेगळी नाही. नोकरी गेली, कर्ज झाले, वरिष्ठाने चारचौघांत पाणउतारा केला, तर घरी येऊन ‘मला भीती वाटते’ असे म्हणणे त्यांना जमत नाही. ‘आज जरा थकलो आहे’ असे म्हणून बाटली काढणे जमते.

आरोग्याचा परवाना

१ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. ‘ब्रँडीची बाटली’ हा चित्रपट त्याच वर्षातला. मंत्रिमंडळ लवकरच पायउतार झाले आणि तो प्रयोग विरला. कोल्हापूर हे संस्थान असल्यामुळे मुंबई सरकारचे ते कायदे तेथे लागूच नव्हते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी झाली. म्हणजे करवीरच्या प्रजेने आपले राज्य आणि आपले गुत्ते हे दोन्ही साधारण एका वर्षाच्या आत गमावले.

हा कायदा सद्हेतूने केलेला होता यात शंका नाही. त्याने प्रभुभोजनविधीतील द्राक्षारसासारख्या धार्मिक उपयोगासाठी स्वतंत्र सोयही ठेवली होती. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम मात्र आरोग्याच्या परवान्याचे. वैद्यकीय प्रमाणपत्र आणले की आरोग्य राखण्यासाठी विदेशी मद्याची आवश्यकता असलेली व्यक्ती म्हणून परवाना मिळू शकत असे. ज्यांना डॉक्टर गाठता येत होता, अर्ज भरता येत होता, विदेशी मद्य परवडत होते, त्यांना ही वाट खुली होती. कागदोपत्री राज्यातील प्रतिष्ठित मद्यपी रुग्ण ठरले, आणि त्यांच्यातले जे खरोखर मनाने आजारी होते त्यांचा आजार त्या कागदावर कोठेही नव्हता.

गरिबांसाठी दुसऱ्या वाटा निघाल्या. कोल्हापूरची कीर्ती गुळाची. पण हलक्या प्रतीच्या काळ्या गुळात नवसागर घालून हातभट्टी लावता येते, हे ज्ञानही त्याच मुलखात पसरले. औषधांच्या दुकानातून मिळणारी अल्कोहोलयुक्त टिंक्चरे पिण्याचा प्रघात पडला. औषधी मद्य आणि मादक मद्य यांची सीमारेषा कोठे ओढावी हा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एफ. एन. बलसारा या मुंबईच्या नागरिकाने कायद्याला आव्हान दिले होते. मे १९५१ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने कायद्याचा मुख्य भाग कायम ठेवला. परंतु अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगण्यावर व वापरण्यावर घातलेली बंदी रद्द केली. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय रास्तच होता, कारण रुग्णाच्या औषधावर बंदी घालणे कोणत्याही राज्याला शोभत नाही. पण जी रेषा न्यायाधीशांनाही काळजीपूर्वक ओढावी लागली, ती आपल्या घरातील कपाटात आपोआप राखली जाईल असे आपण कसे मानले?

१९६०च्या दशकापासून बंदी शिथिल होत गेली आणि पुढे मद्यविक्री हे राज्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन बनले. गंमत अशी की महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास आणि पिण्यास कायद्याने आजही परवाना लागतो. ‘आरोग्य’ हा त्याचा जुना आधार होता, याची आठवण आता कोणाला राहिलेली नाही.

गोळीचे आगमन

दारूवर बंदी आली त्याच सुमारास जगात मन शांत करणाऱ्या औषधांचे युग सुरू होत होते. त्याची पूर्वतयारी जुनी आहे. १९०३ च्या सुमारास बार्बिटल आले आणि १९१२ मध्ये फिनोबार्बिटल. ही औषधे झोप आणीत, पण त्यांची सवय जडे आणि मात्रा थोडी चुकली तर जीवावर बेते. आपल्या देशाचाही या इतिहासात वाटा आहे. सर्पगंधेचा उपयोग उन्माद आणि रक्तदाब यांवर होतो, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये मांडले. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले.

१९५५ मध्ये अमेरिकेत मेप्रोबामेट आले आणि चिंतेची गोळी ही कल्पना घरोघरी पोहोचली. लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले लिब्रियम १९६० मध्ये आणि व्हॅलियम, म्हणजेच डायझेपाम, १९६३ मध्ये बाजारात आले. बार्बिट्युरेटांच्या मानाने ही औषधे बरीच निर्धोक होती, म्हणून डॉक्टरांनी ती मोकळ्या हाताने लिहून दिली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डायझेपाम भारतात ‘काम्पोज’ या नावाने मिळू लागले आणि हा शब्द मराठी बोलीत सामान्यनामासारखा रूढ झाला. ‘एक काम्पोज घे आणि झोप’ हा सल्ला शेजारणीने शेजारणीला, सासऱ्याने जावयाला द्यावा इतका तो घरगुती झाला.

येथे एक भेद नोंदवला पाहिजे. दारूची बाटली बहुधा पुरुषाच्या हाती दिसे. गोळी स्त्रीच्या वाट्याला आली. तिला वास नाही, तोल जात नाही, शेजाऱ्यांना कळत नाही. मुलांच्या परीक्षा, नवऱ्याचे पिणे, आजारी सासू यांच्या ओझ्याखाली जागणाऱ्या कितीतरी आयांनी जुन्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षे ती गोळी आणली. नवऱ्याच्या बाटलीवर घरात भांडणे झाली. तिच्या गोळीची कोणी चौकशीही केली नाही.

या औषधांची सवय जडते हे ध्यानात यायला दोन दशके लागली. १९८८ मध्ये ब्रिटनमधील औषध सुरक्षा समितीने असा सल्ला दिला की तीव्र चिंतेवर ती दोन ते चार आठवड्यांपुरतीच वापरावीत. आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून अशा औषधांपैकी अनेकांना ‘एच-१’ या अनुसूचीचे नियम लागू झाले. त्यानुसार औषधविक्रेत्याने डॉक्टर आणि रुग्ण यांची नावे वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपून ठेवावी लागते. नियम चांगला आहे. परंतु जुन्या चिठ्ठीवर आणि ओळखीवर गोळी मागणारे ग्राहक आपणच असतो, हेही विसरू नये.

शरीरात काय घडते

दारू आणि ही गोळी यांचे नाते समजून घेणे आवश्यक आहे. मेंदूत उत्तेजनाला आवर घालणारी एक नैसर्गिक यंत्रणा असते. दारू आणि डायझेपामच्या कुळातील औषधे ही दोन्ही त्या यंत्रणेचा जोर वाढवतात, म्हणून जीव थाऱ्यावर येतो. पण मेंदू रोजच्या या बाहेरच्या मदतीला सरावतो आणि आपला स्वतःचा लगाम सैल करतो. मग अंमल उतरला की पूर्वीपेक्षा अधिक धडधड, अधिक थरथर, पहाटे दचकून येणारी जाग. ही नवी अस्वस्थता औषधाने निर्माण केलेली असते. पण माणसाला वाटते, आपला मूळ आजार वाढला, आता मात्रा वाढवली पाहिजे. चिंतेसाठी पिणारा मनुष्य काही काळाने पिण्यामुळे चिंतातुर होतो, आणि हे चक्र आतून दिसत नाही.

दोन गोष्टी प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवाव्यात. दारू आणि झोपेची गोळी एकत्र घेतल्यास श्वास मंदावून प्राण जाऊ शकतो. आणि ज्याला दारूची किंवा या गोळ्यांची दीर्घकाळ सवय आहे त्याने ती एकदम बंद करू नये. झटके येणे, भ्रम होणे असे प्राणघातक परिणाम संभवतात. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात एकाएकी शपथ घेऊन बाटली फेकणाऱ्याचा निश्चय थोर असतो, पण त्याला त्या आठवड्यात डॉक्टरची गरज निश्चयाइतकीच असते.

याचा अर्थ औषधे वाईट असा मुळीच नाही. चिंताविकार हा खरा आजार आहे आणि त्यावर खरे उपचार आहेत. काही औषधे सावकाश, दोन-चार आठवड्यांनी गुण देतात आणि त्यांची तलफ लागत नाही. विचारांची आणि वागण्याची घडी बदलण्यास शिकवणारी संवादोपचाराची पद्धतही परिणामकारक आहे. तज्ज्ञाच्या नजरेखाली, मुदत ठरवून घेतलेली गोळी हा उपचार आहे. कोणाला न सांगता, स्वतःच मात्रा ठरवून घेतलेली तीच गोळी म्हणजे तळीरामाचा पेला.

आक्रनचा एक दाखला

१९३९ हे वर्ष आणखी एका कारणासाठी स्मरणीय आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातील आक्रन या गावी १९३५ मध्ये बिल विल्सन आणि डॉ. रॉबर्ट स्मिथ यांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या बंधुसंघाचा जन्म झाला होता. त्या काळी मद्यपी रुग्णांना इस्पितळे दारात उभे करीत नसत. आक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळात दाखले नोंदवण्याचे काम सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीकडे होते. ऑगस्ट १९३९ मध्ये तिने डॉ. स्मिथ यांच्या एका मद्यपी रुग्णाला आत घेतले. नोंदवहीत तिने आजाराचे नाव लिहिले: जठराचा तीव्र दाह.

तिचे ते असत्य दयेपोटी होते, आणि त्याने एक दार उघडले. इस्पितळाने लवकरच मद्यासक्ती हा आजार म्हणून स्वीकारला आणि पुढील वर्षांत हजारो रुग्णांवर तिच्या देखरेखीखाली उपचार झाले. नाव लपवून आत घेतलेल्या पहिल्या रुग्णानंतर तेथे नाव घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. बंधुसंघाच्या सभेत प्रत्येक जण उभा राहून आपण मद्यासक्त आहोत असे सांगतो, त्यामागे हेच शहाणपण आहे. १९५७ मध्ये हा बंधुसंघ भारतात आला. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले आणि बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगसाधनेची जोड देऊन ते देशभर पसरवले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांचे ‘मुक्तांगण’ पुण्यात सुरू झाले, त्यामागे पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचे साहाय्य होते.

आपल्या श्रद्धेची शिकवण या बाबतीत स्पष्ट आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात संयमाच्या सद्गुणाविषयी बोलताना अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे या चारही गोष्टींच्या अतिरेकाचा उल्लेख एकाच ओळीत केला आहे. औषधाचाही! दुसरीकडे बेन सिराच्या ग्रंथातील अडतिसावा अध्याय वैद्याला मान द्यायला सांगतो आणि औषध ही परमेश्वराचीच निर्मिती मानतो. संत पौलाने तिमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सुचवले, हे वचन आपल्याकडे पेला भरताना फार आवडीने सांगितले जाते. पौलाने तेथे आजाराचे नाव सांगितले आहे आणि मात्राही सांगितली आहे, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

धर्मग्रामातील कुटुंबांनी काय करावे, हे या इतिहासातूनच निघते. घरातील कोणी रात्री जागत असेल, घाबरत असेल, पिण्याचे किंवा गोळीचे निमित्त शोधत असेल, तर आधी त्याच्या पेल्याला नव्हे, त्याच्या भीतीला विचारावे. ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असे म्हणू नये. दम्याच्या रुग्णाला आपण तसे म्हणत नाही. पापनिवेदनाचे स्थान धर्मगुरूपाशी आहे आणि चिंताविकाराचे डॉक्टरपाशी. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये, आणि शहाणा धर्मगुरू हे स्वतःच सांगतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. पहिला शब्द उच्चारण्यासाठी समोर ओळखीचा चेहरा नको असेल, तर ती वाट आहे.

नगरच्या किल्ल्यातील राजाला खरे नाव देणारे कोणी भेटले नाही. सुधाकराचा मनस्ताप तळीरामाने ओळखला, घरच्यांना तो उशिरा कळला. परवान्यावर आरोग्य लिहिले गेले आणि चिठ्ठीवर निद्रानाश. आज आपल्या एखाद्या घरात कपाट उघडताना जो हात थबकतो, त्याला विचारणारे कोणीतरी त्या घरात असावे: तुला नेमके काय होते आहे? उत्तर यायला वेळ लागेल. तोवर शेजारी बसून राहण्याइतकी उसंत आपण काढावी.